दहा आठवड्यांचं काय करायचं?

वाचकाचं पत्र, थोडं आटोपतं करून:

"मी 36 वर्षांची आहे, एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये काम करते. सात वर्षांपूर्वी अल्सरेटिव्ह कोलायटिसचं, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येणाऱ्या आजाराचं, निदान झालं. तेव्हापासून आजाराने चार वेळा उचल खाल्ली. पहिल्यांदा सहा आठवडे, मग आठ, मग सात आणि गेल्या वर्षी दहा. त्या दहा आठवड्यांत निम्मे दिवस रजेवर होते. उरलेल्या दिवसांत ऑफिसात असूनही सगळं लक्ष बाथरूमच्या दाराकडे. नंतर इन्फ्लिक्सिमॅब हे सूज आटोक्यात ठेवणारं औषध सुरू झालं. आता दर आठ आठवड्यांनी हॉस्पिटलात जाऊन सलाइनमधून घेते. आठ महिने झाले, मी बरी आहे. आणि नेमकं आत्ताच मला सेक्शन हेडची जागा देऊ केली आहे. पगार वाढेल, पण महिन्यातून दोन वेळा दुसऱ्या शाखांचे दौरे आहेत. दुसरीकडे, स्टिरॉइड चालू असताना रात्री अडीच वाजता लिहिलेला राजीनामा अजून माझ्या मेलच्या ड्राफ्ट्समध्ये पडून आहे. नवरा म्हणतो, सोडून दे, घरून स्वतःची कामं घे. ऑफिसात मॅडमना 'पोटाचा त्रास' एवढंच माहीत आहे. जागा घेऊ, आहे तिथेच राहू, की सोडू? आणि आजाराचं सांगू का? बरी असते तेव्हा वाटतं मी ढोंग करते. आजारी असते तेव्हा वाटतं मी सगळ्यांवर ओझं आहे. – अधांतरी"

प्रिय अधांतरी,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा 'रात्री अडीच वाजता' इथे थांबले. मला स्वतःला 19 वर्षं रुमॅटॉइड आर्थरायटिस, म्हणजे एक प्रकारचा संधिवात, आहे आणि असं एक पत्र मीही लिहिलं होतं. माझं पहाटे चारचं होतं. प्रेडनिसोलोनसारखं स्टिरॉइड मोठ्या डोसमध्ये चालू असलं की झोप उडते, मन कधी भरारी घेतं, कधी तळाला जातं. हा औषधाचा नेहमीचा, सगळ्यांना माहीत असलेला परिणाम आहे. त्या रात्री तुम्हाला जे वाटलं ते खोटं नव्हतं. पण तेव्हा तुमच्या अंगात आजार होता, औषध होतं आणि कित्येक रात्रींचं जागरण होतं. राजीनामा त्या तिघांनी मिळून लिहिला.

दुसऱ्या टोकाचंही बोलायला हवं, कारण ते कुणी सांगत नाही. आठ महिने बरं वाटल्यावर जी उमेद येते, तीही तेवढीच फसवते. जेवलेलं पचतंय, रात्रभर झोप लागतेय, खुर्चीत बसल्यावर उठायची धास्ती नाही. अशा वेळी माणूस कुठल्याही दौऱ्याला हो म्हणतो. माझा अनुभव असा की दुखण्यातले निर्णय लोक नंतर सुधारून घेतात, पण बऱ्या काळात कबूल केलेली कामं वर्षानुवर्षं मानेवर बसतात. एकदा 'मी करते' म्हटलं की ती आपलीच होऊन जातात.

म्हणून आजारी तुम्ही आणि बऱ्या तुम्ही, या दोघींपैकी एकटीने निर्णय घेऊ नये. दोघींना एका टेबलाशी बसवायचं, आणि त्यासाठी कागद लागतो.

तुम्ही दिलेल्या आकड्यांवरूनच मी थोडं गणित केलं. तुम्ही अकाउंट्सच्या, तुम्हाला ते चटकन पटेल. सात वर्षं म्हणजे 364 आठवडे. त्यातले 31 आजाराचे. शेकडा साडेआठ. उरलेले 333 आठवडे तुम्ही काम केलंत, आणि ते चांगलंच केलं असणार, नाहीतर सेक्शन हेडची जागा कुणी उगाच देऊ करत नाही. तुमच्या पत्रात मात्र त्या 333 आठवड्यांबद्दल एकही ओळ नाही.

पण या साडेआठ टक्क्यांवर खूश होऊनही चालणार नाही. ते 31 आठवडे सात वर्षांवर सारखे पसरलेले नाहीत. ते गठ्ठ्याने येतात आणि न सांगता येतात. दर बारा दिवसांनी एक दिवस रजा घेणारा माणूस आणि सात वर्षांत चार गठ्ठ्यांनी 31 आठवडे कोलमडणारा माणूस, दोघांची बेरीज जवळजवळ सारखी निघते, पण ऑफिसला ते सारखे वाटत नाहीत. त्यामुळे 'मला किती काम झेपेल' हा प्रश्न तुमच्यासाठी दुय्यम आहे. कामाचे ते दहा आठवडे कोण, कसं पेलणार, हा खरा प्रश्न. नोकरी निवडताना, बढती घेताना, सोडताना, मी प्रत्येक पर्यायाला हाच एक प्रश्न विचारते.

चढउतारांच्या आजारांत अनिश्चितता हीच एक वेगळी अडचण असते. 2008 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी एचआयव्हीसह जगणाऱ्या लोकांशी बोलून अपंगत्वाची एक नवी मांडणी केली. तिच्यात दुखणं आणि थकव्याच्या बरोबरीने अनिश्चिततेलाही त्यांनी अपंगत्वाचाच भाग मानलं. मल्टिपल स्क्लेरोसिस, ल्युपस, मायग्रेन, एपिलेप्सी, बायपोलर, माझा संधिवात, तुमचं आतडं, या सगळ्यांना ते लागू पडतं. तुम्ही बऱ्या असतानाही आजार तुमचं काहीतरी खात असतो. पुढच्या महिन्याचं तिकीट काढताना हात अडखळतो, तो त्यानेच.

आता तुमच्यासमोरच्या तिन्ही वाटा पाहू.

सोडून घरून कामं घेण्याची वाट लांबून फार मोहक दिसते. बाथरूम दहा पावलांवर, वेळ आपली, कुणाला काही सांगायचं नाही. मी दोन वर्षं ती करून पाहिली आहे. खरी अडचण अशी की हिशेबाच्या कामाला तारखा असतात, आणि त्या सरकारने ठरवलेल्या असतात. दहा आठवडे तुम्ही पडून राहिलात तर ऑफिसात निदान कुणीतरी फाइल उचलतं. एकट्याच्या कामात क्लायंट दुसऱ्याकडे जातो आणि परत येत नाही. भरपगारी रजा नाही. कंपनीचा ग्रुप विमा जातो, आणि आधीपासून असलेल्या आजारासाठी स्वतःचा विमा काढायला गेलं की बऱ्याच ठिकाणी ठरावीक काळ थांबावं लागतं किंवा जास्त हप्ता पडतो. इन्फ्लिक्सिमॅब चालू असणाऱ्या बाईने विम्याचे कागद नीट वाचल्याशिवाय राजीनामा देऊ नये, याबाबत माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. ही वाट कायमची बंद आहे असं मी म्हणत नाही. त्याच कामातली दुसरी एखादी व्यक्ती बरोबर असेल, एकीच्या आजारपणात दुसरी तारखा सांभाळेल असं आधीच ठरलं असेल, आणि चार-पाच महिन्यांचा खर्च औषधांसकट बाजूला असेल, तर विचार करा. यजमानांना हे तसंच सांगा. त्यांनी 'सोडून दे' म्हटलं ते तुमचे हाल पाहून, पण ते दहा आठवडे घरातून कसे निघतील याचं उत्तर त्यांच्याकडेही नसणार.

आहे तिथेच राहणं सगळ्यांत सुरक्षित वाटतं. वाटतं, एवढंच. सध्या तुमच्यावर महिनाअखेरीचं क्लोजिंग आहे असं मी गृहीत धरते. ते काम ठरल्या तारखेला, ठरल्या तासाला संपवायचं, आणि त्यातलं काहीही पुढे-मागे करायचा अधिकार तुम्हाला नाही. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कॅरासेक यांनी 1979 मध्ये कामाच्या ताणाबद्दल एक गोष्ट मांडली, जी मला रोज पटते. माणूस नुसत्या जास्त कामाने पिचत नाही. काम जास्त आणि त्यावर स्वतःचा ताबा कमी, ही जोडी त्याला पिचवते. कोणतं काम आधी, कोणतं नंतर, कुठून, कोणाला द्यायचं, हे ठरवता येत असेल तर तेवढंच काम निम्म्या त्रासात होतं.

या मापाने पाहिलं तर सेक्शन हेडची जागा तुम्हाला वाटते तितकी जड नाही. कदाचित आत्ताच्या जागेपेक्षा हलकीच. कामाची वाटणी तुम्ही करणार. मीटिंग अकराला ठेवायची की नऊला, हे तुमच्या हातात येईल. कोलायटिसच्या बऱ्याच लोकांना सकाळचेच तास सगळ्यांत वाईट जातात, तेव्हा हे अजिबात किरकोळ नाही. हाताखालच्या एकाला पहिल्या महिन्यापासून तयार करून ठेवता येईल. बढती म्हणजे ओझं असं आपण आजारी माणसं पटकन धरून चालतो, आणि मग जिथे ताबा सगळ्यांत कमी अशा खालच्या जागांवर स्वतःला बांधून घेतो. मला हे पाहून फार वाईट वाटतं. अशी कितीतरी हुशार माणसं मी पाहिली आहेत.

अडचण दौऱ्यांची आहे, आणि ती खरी आहे. अनोळखी इमारत, दोन तासांची गाडी, मध्ये थांबायची सोय नाही, पोहोचल्या पोहोचल्या पन्नास लोकांसमोर बसायचं. फ्लेअरमध्ये, म्हणजे आजार उचल खातो तेव्हा, हे होणार नाही. 'बघू, जमवू' असं इथे मुळीच म्हणू नका. दौऱ्यांची बोलणी जागा स्वीकारण्याआधी करा. महिन्यातून दोनऐवजी एक चालेल का, दुसरा ऑनलाइन होईल का, दुपारी निघता येईल का, आणि तुम्ही जाऊ शकला नाहीत तर ठरलेला दुसरा माणूस कोण. सलाइनच्या तारखा वर्षभराच्या कॅलेंडरवर आधी टाका आणि दौरे त्यांच्याभोवती बसवा. सहा महिन्यांनी दोन्ही बाजूंनी फेरविचार करायचा, असंही मेलवर येऊ द्या. तोंडी मान्य झालेलं मॅडमची बदली झाली की हवेत विरतं.

म्हणजे माझा कौल जागा घेण्याकडे आहे, पण दौऱ्यांची तजवीज झाली तरच. ती नाकारली तर आहे त्या जागेवर राहून महिनाअखेरीच्या कामाला दुसरा जोडीदार मागा. तेही नाकारलं, तर दुसरी नोकरी शोधा. ती या बऱ्या काळातच शोधा आणि हातातली धरून ठेवून शोधा.

यातलं काहीही मागायचं तर सांगावं लागणार. तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर थोडी रेंगाळते, कारण इथे मी स्वतः चुकले आहे.

एका सकाळी ऑफिसात माझ्या टेबलाच्या ड्रॉवरची किल्ली मला फिरवता येईना. किल्ली छोटी, चपटी. अंगठा आणि बोट तिच्यावर होतं, पण बोटांत जोरच नव्हता. दोन्ही हातांनी धरून पाहिली. शेजारच्याने विचारलं, "काय झालं?" आणि मला रडू फुटलं. तशीच उठून साहेबांच्या केबिनबाहेर गेले आणि पॅसेजमध्ये उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. आजाराचं नाव, मेथोट्रेक्सेट हे माझं औषध, सुजलेले सांधे, पुढे काय होऊ शकतं, सगळं. ते भला माणूस होते. घाबरले. पुढच्या पंधरा दिवसांत माझी दोन मोठी कामं दुसऱ्यांकडे गेली. "तुम्हाला ताण नको म्हणून." ती परत मिळवायला मला वर्ष लागलं. तेव्हा त्यांचा राग आला होता. आता वाटतं, मी त्यांच्या हातात नुसता आजार दिला, त्याचं काय करायचं ते दिलंच नाही. मग त्यांनी त्यांच्या समजुतीने केलं.

पुढच्या ठिकाणी मी अर्ध्या पानाचं टिपण घेऊन गेले. बरी असताना, शांतपणे, वेळ मागून. तुम्हीही तसंच करा. तुमच्यासाठी मी ते असं लिहीन:

"मला आतड्याचा दीर्घकाळचा आजार आहे. बहुतेक काळ तो औषधाने आटोक्यात असतो आणि कामावर परिणाम होत नाही. साधारण दीड-दोन वर्षांतून एकदा तो सहा ते दहा आठवडे उचल खातो. त्या काळात मला प्रवास आणि सकाळच्या लवकरच्या मीटिंग जमत नाहीत, काही दिवस रजा लागते, बाकीचं काम घरून होऊ शकतं. दर आठ आठवड्यांनी अर्धा दिवस उपचारासाठी जावं लागतं. तेव्हा काम अडू नये म्हणून मी अशी व्यवस्था सुचवते."

आणि खाली तुमच्या तीन-चार मागण्या. किती वेळा संडासला जावं लागतं, रक्त पडतं का, पुढे ऑपरेशन होईल का, हे मॅडमना सांगायची काही गरज नाही. आजाराचं नाव सांगायचं की नाही तेही तुम्ही ठरवा. कामावर काय परिणाम होतो आणि त्यावर काय करायचं, एवढं ऑफिसला पुरतं. बोलणं झाल्यावर त्याच दिवशी दोन ओळींचा मेल टाका, "आज आपलं असं बोलणं झालं" म्हणून. आणि शेजारी बसणाऱ्या एका भरवशाच्या माणसाला वेगळं सांगून ठेवा. तुम्ही मीटिंगमधून एकदम उठून गेलात तर पुढचं वाक्य कुणीतरी उचलायला हवं ना.

सांगण्यात धोका आहे, ते मी लपवणार नाही. काही वरिष्ठ ऐकल्यापासून वेगळ्या नजरेने पाहू लागतात. तुमच्या मॅडमनी दुसऱ्या कुणाच्या आजारपणात, बाळंतपणात किंवा घरच्या संकटात काय केलं ते आठवा. त्यावरून बरंच कळेल. त्यांच्यापेक्षा एचआरमधला माणूस बरा वाटत असेल तर तिकडून सुरुवात करा.

कायदा कुठवर साथ देतो, तेही पाहून ठेवा. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या अपंग हक्क करारात कामाचा हक्क आहे, आणि गरजेनुसार वाजवी फेरबदल नाकारणं हा भेदभाव मानला आहे. पण प्रत्येक देशाची यादी वेगळी. भारताच्या 2016 च्या अपंग हक्क कायद्यात मल्टिपल स्क्लेरोसिस आणि सिकल सेल नावानिशी आहेत, तुमचा आजार त्या यादीत नाही. अमेरिकेने 2008 मध्ये आपल्या कायद्यात जी दुरुस्ती केली ती मला फार जवळची वाटते. अधूनमधून येणारा किंवा सध्या शांत असलेला आजारही, तो जागा झाल्यावर जगण्यातलं एखादं मोठं काम अडवत असेल, तर अपंगत्वच मानावा, असं त्यात म्हटलं आहे.

ही दुरुस्ती मी मुद्दाम सांगितली, तुमच्या त्या 'ढोंग' शब्दासाठी. एका देशाच्या कायदेमंडळाने बसून लिहून ठेवलं की आज चालणारा-फिरणारा माणूसही खरोखर आजारी असू शकतो. मंगळवारी हसत डबा खाणारी तुम्ही आणि गुरुवारी उठता न येणारी तुम्ही, दोघी खऱ्या. शेजारच्यांना ते कळायला वेळ लागेल. तुम्ही तरी स्वतःची उलटतपासणी थांबवा. 'ओझं' या शब्दाचं उत्तर 333 आठवड्यांत आहे, ते पुन्हा सांगत नाही.

डॉक्टरांशीही नोकरीबद्दल बोला. आपण त्यांना पोटाचं सांगतो, ऑफिसचं सांगत नाही. तीन गोष्टी विचारा. आजार शांत असतानाही थकवा राहत असेल तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) कधी पाहिलं होतं? या आजारात लोहाची कमतरता वारंवार होते आणि ती भरून काढता येते. आळस समजून लोक उगाच स्वतःला बोल लावत बसतात. दुसरं, शौचाच्या तपासणीतलं कॅल्प्रोटेक्टिन किती दिवसांनी पाहायचं? आतड्याची सूज कधीकधी तुम्हाला त्रास जाणवायच्या आधीच त्यात दिसते. आधी कळलं तर काम हाताखालच्याकडे सोपवायला अवधी मिळतो, आणि तुमच्यासारखीला तो अवधी सोन्याचा. तिसरं, बरं वाटतंय म्हणून एखादं औषध कमी करायचा मोह होत असेल तर तो त्यांच्यापुढे बोलून दाखवा, मनाशी ठेवू नका. नव्या जागेवर रुजू होताना औषधाशी खेळ तर मुळीच नको.

आणि त्या ड्राफ्टबद्दल. तो राजीनामा पुसू नका, पाठवूही नका. आज दुपारी, जेवण झाल्यावर, तो उघडा. त्याच्या वरच्या बाजूला तारीख लिहा, फ्लेअरचा कितवा आठवडा होता ते लिहा, स्टिरॉइडचा डोस किती होता ते लिहा, त्या रात्री किती तास झोप झाली होती ते लिहा. मग मजकूर वाचा आणि त्यातलं जे आजही, पोट शांत असताना, तुम्हाला खरं वाटतं त्याखाली रेघ ओढा. महिनाअखेरीचं काम असेल, कुणाचं बोलणं असेल, सकाळची नऊची मीटिंग असेल. मॅडमसमोर ठेवायच्या त्या अर्ध्या पानातल्या मागण्या तुम्हाला तिथेच सापडतील.